वीम, अर्धं चाक आणि माझा शेरा

वीम, तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. शनिवारी तुझ्या सायकल क्लबात सगळे जमणार आहेत आणि रियाने मला एक काम सांगितलं आहे. तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला मी तुझ्या सगळ्या शर्यतींचं जे पुस्तक करून दिलं होतं, त्याची एक प्रत क्लबाच्या कपाटासाठी छापून आणायची. काम सोपं आहे. फाइल तयार आहे. फक्त त्यातल्या एका ओळीचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस तूच.

हे मी मराठीत लिहितोय. माझं डच दवाखान्यात आणि खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवर काम भागवण्यापुरतं, तुझं इंग्रजी सायकलचे भाग सांगण्यापुरतं. आठ वर्षं आपण या दोन अर्धवट भाषांत बोललो आणि कधी अडलं नाही. आता जे म्हणायचं आहे ते मात्र मला त्या दोन्हींत म्हणता येत नाही. मराठीत तुझ्या वयाच्या माणसाला मी अहो-जाहो केलं असतं. पण पहिल्याच दिवशी तू हात वर करून मला थांबवलं होतंस, 'नुसतं वीम.' तर नुसतं वीम.

आम्ही या उइटहॉर्न गावात राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी जुनी सायकल घेऊन दारात उतरत होतो आणि तू कुंपणापलीकडून बघत होतास.

'ही सायकल तुझी?'

'हो.'

'मग मुलीच्या उंचीला का लावली आहेस?'

परवानगी न विचारता तू पाना आणलास आणि सीट चार बोटं वर केलीस. मी म्हटलं, आता माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. तू म्हणालास, 'सायकलवर पाय पेडलला टेकतात. जमिनीला टेकवायचे तर चालत जा.' त्या रात्री फोनवर मी आईला सांगितलं की शेजारचे लोक चांगले आहेत, वीम आणि रिया. आई म्हणाली, 'रिया? अगं बाई, आपल्यातलीच का?' तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की रियाला आठवडाभर 'पुण्याची' म्हणत होतास.

तू सायकलच्या स्प्रिंट शर्यतींचा राष्ट्रीय विजेता होतास हे तू सांगितलं नाहीस. रियाने सांगितलं, तेही तुमच्या भिंतीवर काहीच का नाही असं माझ्या बायकोने, मंजिरीने विचारल्यावर. मला तू फुलांच्या लिलावघरात गाड्या ओढणारं छोटं इंजिन चालवून निवृत्त झालेला माणूस एवढाच ठाऊक होतास. मी लगेच कुंपणापाशी आलो.

'तू चॅम्पियन होतास?'

'थोडा वेळ.'

'किती शर्यती जिंकल्यास?'

'बऱ्याच.'

'बऱ्याच म्हणजे किती?'

रिया मागून म्हणाली की लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तू आत गेलास आणि चार वह्या घेऊन आलास. तुझ्या वडिलांच्या हाताने लिहिलेल्या. प्रत्येक शर्यतीला ते स्टॉपवॉच घेऊन कठड्यापाशी उभे राहत. ठिकाण, समोरचा स्वार, शेवटच्या दोनशे मीटरची तुझी वेळ, जिंकलास की हरलास आणि किती फरकाने. कुठे चाकाचा फरक, कुठे सायकलभर, कुठे नुसतं 'सहज'. समासात कधी पेन्सिलीने एखादा शब्द: पाऊस, टायर, सर्दी. मी नोकरीत दुसऱ्यांनी भरलेले आकडे तपासतो, वीम. इतकी स्वच्छ नोंद मी ऑफिसात कधी पाहिलेली नाही. त्या वह्या मी दोन हिवाळे वापरल्या. तू एकदाही परत मागितल्या नाहीस.

तुझा खेळ मला कळायला वेळ लागला. तू मला आणि माझ्या मुलीला, सानिकाला ट्रॅकवर घेऊन गेलास तो रविवार आठवतो? लाकडी ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा चढलेला. सायकलींना ब्रेक नाहीत, आणि चाक फिरतंय तोवर पायही थांबवता येत नाहीत. दोघंच स्वार, दोन-तीन फेऱ्या, जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. मी म्हटलं, सोपं आहे. मग ते दोघं निघाले आणि चालत्या माणसाहून हळू जाऊ लागले. मग थांबलेच. उतारावर, सायकलवर, पाय न टेकता. एक मिनिट, दोन मिनिटं.

'हे काय चाललंय?' मी विचारलं.

'शर्यत,' तू म्हणालास.

पुढे राहणाऱ्याला सगळा वारा खावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशाने येऊन शेवटी बाहेर पडतो, म्हणून पुढे जायला कुणीच तयार नसतं, हे तू मला पेपरकपवर बोटाने काढून समजावलंस. मग म्हणालास, 'मी मात्र थांबायचो नाही. मला कंटाळा यायचा. मी लांबूनच सुटायचो, पकडा म्हणायचो.' सानिका तेव्हा दहा वर्षांची होती. तिने डचमध्ये तुला विचारलं, 'मग पकडायचे का?' तू म्हणालास, 'कधी कधी. पण दमून.'

वह्या हेच सांगत होत्या. मी सगळ्या शर्यती तक्त्यात भरल्या तेव्हा तुझी पद्धत आकड्यांतही दिसली. तू लांबून सुटतोस, म्हणून शेवटचे दोनशे मीटर पूर्ण वेगात, आणि वेळा एकमेकींना चिकटलेल्या. जिंकलेल्या शर्यतीत आणि हरलेल्या शर्यतीतही. एक सोडून. एका वर्षीची राष्ट्रीय अंतिम फेरी. तीन शर्यतींपैकी दोन जिंकायच्या. पहिली तू जिंकलीस, दुसरी बर्टने. बर्ट, तुझा मित्र, जो दर गुरुवारी तुझ्याबरोबर आम्स्टेलच्या काठाने सायकल चालवायला यायचा. निदान त्या वाढदिवसापर्यंत यायचा. तिसरी शर्यत बर्टने जिंकली, अर्ध्या चाकाने. आणि तुझी वेळ पहिल्या दोन्ही शर्यतींपेक्षा सव्वा सेकंदाने जास्त.

सव्वा सेकंद. तुमच्या वेगाने ते वीस मीटर होतात. मी चारदा तपासलं.

माझ्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तुझ्या वडिलांचे समासातले शब्द मी त्यात भरत होतो. त्या ओळीत त्यांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. मला रकाना रिकामा ठेवणं बरं वाटेना, म्हणून मी लिहिलं: 'ही वेळ बाकीच्या वेळांशी जुळत नाही. स्वाराने पूर्ण जोर लावलेला दिसत नाही.' डच नीट आहे ना म्हणून सानिकाला दाखवलं. ती पंधराची, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, 'व्याकरण बरोबर आहे.'

वाढदिवसाचं तुला सांगायला नकोच, पण मला ते एकदा ओळीने लिहून काढायचं आहे. तुमच्या पद्धतीने गोलात मांडलेल्या खुर्च्या. आत येणारा प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो, मी तुझ्या मेहुणीचंही केलं. केकचा एकेक तुकडा. मग पुस्तक. ते हातोहात फिरलं आणि बर्टकडे गेलं. त्याने अर्थातच स्वतःचं नाव शोधलं. कुणीही तेच केलं असतं. त्याला ते सापडलं आणि तो मोठ्याने वाचू लागला, गमतीच्या सुरात, आणि त्याच सुरात शेवटच्या रकान्यापर्यंत गेला.

कुणीतरी हसलं. तू लगेच म्हणालास, 'घड्याळाची चूक. बापाचा अंगठा उशिरा पडला असणार.' बर्टने पुस्तक मिटून रियाच्या मांडीवर ठेवलं. 'चला, हेही कळलं एकदाचं,' म्हणाला. तिचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं आणि जाकीट घेतलं.

बर्टने आयुष्यात तेवढं एकच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, आणि विजेत्याला मिळणारी तिरंगी पट्ट्यांची जर्सी त्याच्या दिवाणखान्यात काचेत लावलेली आहे, हे मला दुसऱ्या दिवशी रियाने सांगितलं. घरी येताना, म्हणजे तेरा पावलं चालताना, सानिका म्हणाली होती, 'बाबा, तू बर्थडेला ऑडिट रिपोर्ट दिलास.' मंजिरीने तिला गप्प केलं. पण तिचं म्हणणं मंजिरीने खोडलं नाही, यावरून मला कळायला हवं होतं.

त्यानंतर तू एकदाच तो विषय काढलास. तुझ्या शेडमध्ये. तू चाक सरळ करत होतास.

'तो आकडा बदल.'

'काय करू?'

'बाकीच्यांसारखा काहीतरी घाल.'

'काहीतरी कसं घालू? वहीत जे आहे तेच मी लिहिलंय.'

'सांगितलं ना, अंगठा उशिरा पडला.'

'हे तुला आठवतंय की आत्ता सुचतंय?'

तू चाक फिरवलंस, एका तारेवर बोट ठेवलंस. मग मी सरळच विचारलं, 'वीम, शर्यत सोडलीस का?'

'बर्ट जिंकला,' तू म्हणालास. 'वहीत हेही आहे ना?' मग पाना माझ्या हातात दिलास. 'तू फार चांगला माणूस आहेस. आणि फार कंटाळवाणा. हे धर.'

मी धरलं. आपण चाक सरळ केलं. मी आकडा बदलला नाही.

पुढचे सात महिने तू कुंपणावरून तसाच बोलायचास. हवेबद्दल, विमानांबद्दल, माझ्या सीटबद्दल. गुरुवारी एकटा जायचास. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो की यात माझी चूक नाही. चूक असलीच तर वहीत आहे. मग एका गुरुवारी तू परत आलास, सायकल भिंतीला लावलीस, खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस. रियाने आधी आमचं दार वाजवलं, मग हाउसआर्ट्सला, म्हणजे घरच्या डॉक्टरला, फोन केला. आधी आमचं दार का, तेही मला कळलेलं नाही.

आईने फोनवर विचारलं, 'तेरावं झालं का त्यांचं?' मी म्हटलं, इथे तसं नसतं, एकदाच सगळे भेटतात आणि कॉफी पितात. ती म्हणाली, 'मग लोकांना कळतं कसं, की आता बास?'

त्या कॉफीला बर्ट आला होता. मी कोपऱ्यात सरकलो. तो थेट माझ्याकडे आला, हात मिळवला. 'बुधवारी घरी ये,' म्हणाला. 'पुस्तक घेऊन ये.'

जायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एका जुन्या प्रशिक्षकाला, तुझ्याच क्लबातल्या, नावं न सांगता विचारलं की सव्वा सेकंदाचा फरक कशामुळे पडतो. तो हसलाच. म्हणाला, 'दोघं शेवटच्या वळणापर्यंत एकमेकांची वाट बघत राहिले तर दोनशे मीटरमधले पहिले काही जरा सावकाशच जातात. या खेळात वेळ बघतच नाहीत. पुढचं चाक बघतात.' म्हणजे वीम, ज्या आकड्यावर मी इतका अडून बसलो त्याला तुमच्यात काही किंमतच नव्हती. पण मग दुसरा प्रश्न उरतोच. ज्याला थांबायचा कंटाळा यायचा, तो त्याच शर्यतीत का थांबला?

दुसरी गोष्ट सानिकामुळे. मी वह्या पुन्हा काढून बसलो होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि विचारलं, 'वहीत शेऱ्याचा कॉलम आहे?'

'नाही. समासात आहे कुठे कुठे.'

'या शर्यतीला आहे?'

'नाही.'

'मग तो कुणाचा?'

ती डचमध्ये विचारत होती आणि मी मराठीत उत्तर देत होतो, नेहमीसारखंच. वहीत जे आहे तेच लिहिलं, असं मी तुला तोंडावर सांगितलं होतं, वीम. आकडा वहीतला होता. शेरा माझा होता. दुसऱ्या कुणी अशी नोंद माझ्याकडे पाठवली असती तर मी ती परत केली असती. आणि शेरा नसता तर त्या सव्वा सेकंदाकडे बघणार होतं कोण? माझ्याशिवाय तुझ्या वेळांची वजाबाकी करणारा माणूस त्या गोलात दुसरा नव्हता.

तेव्हा मला वाटलं, सुटलं. शेरा काढायचा, आकडा ठेवायचा. रियालाही तेच हवं होतं. ती म्हणाली, 'तो कपाटात मुद्दाम हरलेला माणूस म्हणून राहायला नको. आणि बर्टलाही फुकटची जर्सी नको.' हा निरोप घेऊन मी बुधवारी बर्टकडे गेलो.

त्याने पान उघडलं, चष्मा लावला, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, हे माझं चुकलं, मी काढून टाकतोय.

'काढू नको,' तो म्हणाला.

तो सांगत गेला. शेवटच्या दहा मीटरांत तू त्याच्या शेजारी होतास. 'मान खाली घालून आपण चाक पुढे ढकलतो तेव्हा. त्या वेळी कुणी बाजूला बघत नाही. मी बघितलं कारण मला तो पुढे जाताना दिसायला हवा होता आणि दिसत नव्हता. तर तो माझ्याकडे बघत होता. शांत.' मग त्याने चष्मा काढला. 'तेव्हापासून मला वाटत आलंय. पण विचारायचं कसं? नाही म्हणाला तर मी वेडा. हो म्हणाला तर ती जर्सी उतरवायची. आणि एवढ्या वर्षांनी तू कुठून तरी येतोस आणि छापून देतोस.'

'म्हणून उठून गेलास?'

'तुझ्यावर नाही चिडलो. त्याच्यावर. घड्याळ चुकलं म्हणाला, लगेच. सांगायची संधी होती रे.' त्याने भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. 'त्या वर्षी मी खेळ सोडणारच होतो. त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्यासाठी ते केलं असेल, तर कुठेतरी लिहिलेलं असू दे. एका ठिकाणी तरी.'

मी म्हटलं, 'पण केलंच असेल कशावरून?' 'तू कुठे आहेस एवढंच तो बघत असेल.' तो म्हणाला, 'असेल.' रियाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'तो सगळ्यांकडेच बघायचा. माझ्याकडे बघता बघता एकदा कालव्यात गेला होता.'

आता माझ्यापुढे हे असं आहे. तू म्हणालास, आकडा बदल. रिया म्हणते, शेरा काढ. बर्ट म्हणतो, शेरा ठेव. प्रशिक्षक म्हणतो, आकड्याला अर्थच नाही. मी आज सुट्टी घेऊन सकाळपासून बसलोय आणि तक्ता उघडून त्या एका ओळीकडे बघतोय. मंजिरी दोनदा चहा ठेवून गेली.

*

वरचं गुरुवारी लिहिलं. आज रविवार.

काल मी क्लबात दोन प्रती घेऊन गेलो. कपाटासाठीच्या प्रतीत त्या शर्यतीपुढे तुझ्या वडिलांचा आकडा आहे, अर्धं चाक आहे, विजेता म्हणून बर्टचं नाव आहे आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. बर्टसाठीच्या प्रतीत शेरा तसाच ठेवला, फक्त खाली लिहिलं की हे लिहिणारा शेजारी आहे आणि तो तिथे नव्हता. बर्टने ते उभ्या उभ्या वाचलं, पिशवीत टाकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कॉफी आणायला गेला. रियाने कपाटातली प्रत उघडून तीच ओळ काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. एकाच नोंदीच्या दोन वेगळ्या प्रती बाहेर जाऊ देणं हे माझ्या कामात सगळ्यात वाईट समजतात. मी ते केलं, आणि कुठली खरी असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

आकडा मी शेवटपर्यंत बदलला नाही, वीम. तेवढं तुझं ऐकलं नाही.

पण माझ्या मनातून दुसरंच जात नाही. सात महिने तू कुंपणापलीकडे होतास. रोज. शेडमध्ये मी तुला विचारलं ते एका शब्दात हो की नाही सांगायचं होतं, म्हणजे तू हो म्हणालास की मी बरोबर ठरलो असतो. मला ते ठरायचं होतं. तुझं ऐकायचं नव्हतं. तू ते ओळखलंस आणि माझ्या हातात पाना दिलास.

आता मला बरोबर ठरायचं नाही. शर्यत सोडलीस का, हेही विचारत नाही. एवढंच सांग, त्या शेवटच्या दहा मीटरांत मान वळवून बर्टकडे बघितलंस, तेव्हा तुला काय दिसलं?